या, बसा, पण माझ्या जागेवर नको

मंद्रसप्तक
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. इथे मला चेहऱ्याने कुणी ओळखत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या मंडळीचा (म्हणजे चर्चचा) गायनसंघ मी १९ वर्षं चालवते आहे. गाणं शिकलेली नाही, कानावर पडून जे आलं ते. चार महिन्यांपूर्वी एक बाई कुटुंबासह नव्याने येऊ लागल्या. पहिल्या रविवारी दारात मीच होते. गीतांचं पुस्तक हातात दिलं, शेजारी बसवलं, उपासना संपल्यावर दहा जणांशी ओळख करून दिली, "सरावाला या की" असंही म्हटलं. सगळं मनापासून.

मग त्या सरावाला आल्या आणि गायल्या.

काय सांगू. खोली गप्प झाली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तो दीड-दोन आठवडे टिकला. मग लोक उपासनेनंतर त्यांच्याभोवती जमायला लागले आणि मी वह्या गोळा करत राहिले. पाचव्या-सहाव्या सरावाला त्या म्हणाल्या, "ताई, हे काळी चारमध्ये घेऊन बघायचं का? काळी दोनमध्ये मला फार खाली उतरावं लागतं." मी म्हटलं, "सगळ्यांना नाही हो जमत." सगळ्यांना म्हणजे मला. त्यानंतर सलग तीन रविवार मी गीतं निवडली ती सगळी खालच्या पट्टीतली. घरी वही उघडली तर माझ्याच अक्षरात ओळीने लिहिलेलं: काळी दोन, काळी दोन, पांढरी दोन. ते बघून माझीच मला लाज वाटली.

आदरातिथ्य करण्यात तत्पर असा, रोम १२:१३, हे लहानपणापासून पाठ आहे. पण पाहुणा राहायलाच आला आणि आपल्यापेक्षा सरस निघाला, तर त्या वेळचं वचन कुठलं? अनुभव असेल त्यांनी लिहा. "प्रार्थना करा" एवढंच लिहू नका, ती चालू आहे.

तिसरा_बाक
प्रांजळ लिहिलंय. लोक आपल्यापेक्षा दावीदाला जास्त वाखाणतात हे बघून शौल राजाने त्याच्यावर भाला फेकला होता (१ शमुवेल १८). तुम्ही नुसती पट्टी खाली आणलीत. प्रगती आहे म्हणायची.

निवांत
हाहाहा, तिसरा_बाक!
धाग्याला शुभेच्छा. वाचतेय.

पोथीवाचक
ताई, तुम्ही विचारलेलं वचन एका ओळीत सापडणार नाही, पण माणूस सापडेल: बर्णबा.

यरुशलेमातले शिष्य शौलाला (हा राजा नव्हे, पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला) घाबरत होते, तो खरंच शिष्य झालाय यावर कुणाचा विश्वास नव्हता. बर्णबाने त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेलं (प्रेषितांची कृत्ये ९:२७). इथपर्यंत म्हणजे तुमचा पहिला रविवार झाला. खरी गोष्ट ११व्या अध्यायात आहे. अंत्युखियात काम जोरात वाढतंय, बर्णबा तिथला मुख्य माणूस, लोक त्याला मानतात. अशा वेळी तो उठून तार्सला जातो, शौलाला शोधून काढतो आणि घेऊन येतो. आपल्यापेक्षा जास्त शिकलेला, जास्त तिखट बोलणारा माणूस आपणहून आपल्या कामात आणायचा! दोघांनी तिथे वर्षभर शिकवलं आणि शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा त्याच गावात मिळालं.

आता नावांचा क्रम बघा. आधी 'बर्णबा व शौल'. १३व्या अध्यायात कुप्र बेटावरून निघताना मजकूर 'पौल व त्याचे सोबती' असा होतो, आणि मग 'पौल व बर्णबा'. कुप्र म्हणजे बर्णबाचं स्वतःचं बेट. तिथेच त्याचं नाव मागे गेलं, आणि तो कुरकुरला असं कुठेही लिहिलेलं नाही.

आडवातिडवा
पोथीवाचक, एक छोटी दुरुस्ती. क्रम एकदाच उलटला आणि तसाच राहिला असं नाही. लुस्त्रात लोक बर्णबाला ग्रीक देव ज्यूस म्हणतात आणि पौलाला हर्मेस, कारण बोलण्यात पौल पुढे होता. तिथे लगेच १४:१४ मध्ये बर्णबा आधी येतो. यरुशलेमच्या सभेतही १५:१२ आणि १५:२५ मध्ये 'बर्णबा व पौल'. म्हणजे जिथे ज्याची जुनी ओळख, तिथे तो आधी.

शिवाय बर्णबाला फार गोड करू नका. त्याच १५व्या अध्यायाच्या शेवटी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि वाटा वेगळ्या झाल्या.

पोथीवाचक
दुरुस्ती मान्य. पण भांडण कशावरून? मार्कावरून. एकदा अर्ध्या वाटेतून परत गेलेल्या पोराला पुन्हा संधी द्यायची की नाही, यावरून. बर्णबा तिथेही नवख्याच्या बाजूनेच उभा होता. पुढे २ तीमथ्य ४:११ मध्ये तोच मार्क पौलाला हवा झालेला दिसतो.

खडूस_खजिनदार
सगळे बर्णबा व्हा म्हणताय, मी जरा दुसरी बाजू मांडतो. चपला मारू नका.

१९ वर्षं वह्या गोळा करणं ही साधी गोष्ट नाही. नवीन माणूस येतो, चार रविवारांत सगळ्यांचा लाडका होतो, आणि ज्यांनी पावसापाण्यात दार उघडलं त्यांना कुणी विचारत नाही. आमच्याकडे एक कुटुंब आलं होतं. दर वाक्याला "आमच्या आधीच्या मंडळीत असं नव्हतं". त्यांच्या आग्रहाने पडद्यावर गीतं दाखवायची यंत्रणा आणली, खुर्च्यांची दिशा बदलली, प्रार्थनेची वेळ बदलली. दोन वर्षांनी ते तिसऱ्याच मंडळीत गेले. यंत्रणा कशी चालू करायची ते फक्त त्यांनाच माहीत होतं.

आद्य ख्रिस्ती इतके भोळे नव्हते. 'डिडाखे' नावाची फार जुनी नियमावली आहे, तिची हस्तलिखित प्रत १८७३मध्ये सापडली आणि १८८३मध्ये छापली गेली. तिच्यात म्हटलंय की प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाला घरात घ्या. वाटसरू असेल तर दोन दिवस, गरज पडली तर तीन. राहायचं असेल आणि हातात कसब असेल तर काम करू दे. आणि जो ऐकायलाच तयार नाही, तो ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा, त्याच्यापासून सावध राहा. हे आवडलं मला. दार उघडं ठेवायचं, डोळेही.

निवांत
>> यंत्रणा कशी चालू करायची ते फक्त त्यांनाच माहीत होतं
मेले हसून. मग आता?

खडूस_खजिनदार
आता तिच्यावर चादर घातली आहे.

सात_वर्षं_नवीन
आयडी बघूनच कळलं असेल मी कुठल्या बाजूची.

खडूसकाका, तुमचं दुखणं खरं आहे. पण डिडाखेतलं एक वाक्य तुम्ही भरकन ओलांडलंत: कसब असेल तर काम करू दे. माझी सगळी तक्रार तिथेच आहे. मला स्वागत भरपूर मिळालं. दारात हात हातात घेतला, नाव विचारलं, पुढच्या रविवारी पुन्हा नाव विचारलं. पण मुलांच्या वर्गाला शिकवू का असं विचारलं, तर "अहो, तुम्ही नवीन आहात, आराम करा." तिसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं. "बघू, समितीपुढे ठेवू." मी पेशाने शिक्षिका आहे हो. सात वर्षं आराम करून पाठ धरली.

एक प्रसंग सांगते. वर्गाच्या साहित्याचं एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली ज्या बाईंकडे असायची, त्या एकदा आजारी पडल्या. वर्ग भरला, पोरं बसली, कपाट बंद. तिघीजणी बंद कपाटासमोर उभ्या राहून चर्चा करत होत्या की त्यांना फोन केला तर त्यांना वाईट वाटेल का. त्या दिवशी मी कागदाशिवाय, खडूशिवाय पोरांना तासभर गोष्ट सांगितली. बाई बऱ्या झाल्यावर त्यांच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी त्यांनी काही न बोलता माझ्या हातात किल्ली ठेवली. सुतळीत ओवलेली, जुनी, एका बाजूने घासलेली. त्या किल्लीने मला घरचं केलं. त्याआधीच्या सगळ्या हस्तांदोलनांनी मी पाहुणीच राहिले होते.

तिसरा_बाक
यावर प्रेषितांच्या कृत्यांतल्या सहाव्या अध्यायाची, यरुशलेमच्या पहिल्या मंडळीची आठवण झाली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली. आपण काय केलं असतं? चौकशी समिती, तीत दोन्हीकडचे समसमान. त्यांनी सात जण निवडले आणि सातही नावं ग्रीक आहेत. स्तेफन, फिलिप्प... शेवटचा निकलाव तर अंत्युखियाचा, आधी यहुदी मतात आलेला आणि तिथून इकडे. म्हणजे नव्यातला नवा. तक्रार करणाऱ्यांच्या हातातच कोठाराची किल्ली दिली.

खडूस_खजिनदार
नावं ग्रीक म्हणजे माणसं ग्रीक असं नसतं. फिलिप्प नावाचा एक बारा प्रेषितांतही आहे.

तिसरा_बाक
बरोबर. पण सातपैकी सात?

खडूस_खजिनदार
ठीक आहे, सोडतो.

परकीय
मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून गंमत वाटली, कारण आमच्या कार्यालयात हेच चालतं. नवा माणूस हुशार निघाला की त्याला बैठकीचा निरोपच उशिरा जातो. कुणी मुद्दाम करत नाही, 'राहून जातं'. प्रश्न असा की यात ख्रिस्ती असं वेगळं काय? पाहुणचार तर सगळेच करतात.

पोथीवाचक
चांगला प्रश्न. नव्या करारात आदरातिथ्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'फिलोक्सेनिया'. फोड केली तर परक्यावर प्रेम. इब्री १३:१ मध्ये 'फिलाडेल्फिया', म्हणजे बंधुप्रेम टिकू द्या, आणि लगेच पुढच्या ओळीत ही फिलोक्सेनिया विसरू नका, कारण काहींनी नकळत देवदूतांना घरात घेतलं होतं. रोख अब्राहामाकडे आहे, उत्पत्ती १८. 'क्सेनोस' या ग्रीक शब्दाचे अर्थ परका आणि पाहुणा असे दोन्ही होतात. लॅटिनचं तर आणखी मजेशीर: 'होस्पेस' म्हणजे पाहुणाही आणि यजमानही, आणि शत्रू या अर्थाचा 'होस्तिस' त्याच मुळातून आलेला. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल ही सगळी होस्पेसची नातवंडं.

वेगळं काय, याचं उत्तर एका विरोधकाने देऊन ठेवलंय. रोमचा सम्राट जुलियन, राज्य ३६१ ते ३६३, ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे गेलेला. त्याच्या नावावरच्या एका पत्रात तो आपल्या पुरोहिताला लिहितो की हे लोक वाढले ते परक्यांना जवळ करण्यामुळे. ते त्यांच्या गरिबांना पोसतात आणि वर आपल्याही. मग हुकूम, की गावोगाव धर्मशाळा बांधा. त्यानंतर दहाएक वर्षांच्या आत कप्पदुकियातल्या कैसरियाच्या बाहेर ख्रिस्ती धर्मगुरू बासिलने वाटसरू, रोगी, कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभी केली.

परकीय
म्हणजे जुलियनने तुमच्याशी पाहुणचारातच स्पर्धा लावली! अशी स्पर्धा चालेल की.

आडवातिडवा
अवांतर: परकीय, आयडी बदलू नका. या धाग्यावर तुमचा मान सर्वांत मोठा आहे.

दारवान
उशिरा आलो. बेनेडिक्टची मठांची नियमावली, सहावं शतक, हा माझा जुना नाद, आयडीसुद्धा तिथलाच. ६६व्या प्रकरणात म्हटलंय की दारावर शहाणा म्हातारा बसवा, निरोप घेता-देता येणारा आणि वयामुळे भटकायची इच्छा न उरलेला. मी पात्र आहे.

५३वं प्रकरण सगळ्यांना माहीत असतं: येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं ख्रिस्त समजून स्वागत करा. तिथेच पुढे, गरीब आणि यात्रेकरू यांची जास्त काळजी घ्या, कारण श्रीमंतांना मान त्यांच्या धाकानेच मिळतो. पण ताईंच्या प्रश्नाला भिडतं ते ६१वं. परक्या मठातला साधू राहायला आला आणि त्याने नम्रपणे, प्रेमाने एखादी उणीव दाखवली, तर मठाधिपतीने विचार करावा, देवाने याला यासाठीच तर पाठवलं नसेल? "काळी चारमध्ये घ्यायचं का" हे मला तसंच वाटलं.

आणि खडूसरावांसाठी ६३वं. मठात क्रम लागतो तो दाखल होण्याच्या वेळेवर. दुसऱ्या तासाला आलेला पहिल्या तासाला आलेल्याच्या मागे, मग तो वयाने, प्रतिष्ठेने कितीही मोठा असो. म्हणजे जुन्यांचा मान पक्का. तरी तिसऱ्या प्रकरणात महत्त्वाच्या कामी सगळ्यांना बोलवा असं आहे, कारण प्रभू पुष्कळदा धाकट्यालाच चांगलं सुचवतो. मला यातली मेख ही वाटते की जागा कुणी हिसकावणार नाही याची खात्री असली की धाकट्याचं ऐकणं सोपं जातं. आपल्याकडे ती खात्री नसते, म्हणून आपण किल्ल्या धरून बसतो.

खडूस_खजिनदार
दारवानकाका, ६३वं प्रकरण छापून खजिन्याच्या खोलीत लावतो.

तिसरा_बाक
आणि याकोब २ दारावर लावा. सोन्याची अंगठी घातलेल्याला "इथे बसा" आणि मळक्या कपड्यांतल्याला "तू तिकडे उभा राहा". बाकांचं राजकारण पहिल्या शतकापासून आहे. मी मात्र तिसरा बाक सोडणार नाही.

किनारा
एक वेगळा पदर. स्पर्धा माणसामाणसांतच नसते, मंडळ्यामंडळ्यांतही असते. आमच्या जवळच एक छोटी नवीन सहभागिता सुरू झाली. आमच्यातली काही तरुण मंडळी तिकडे गेली. वडीलजनांच्या बैठकीत 'मेंढरं चोरली' हा शब्द आला. पाळकसाहेब वयस्कर, शांत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांच्याकडे बसायला काय आहे?" कुणाला माहीत नव्हतं. साहेब स्वतः जाऊन बघून आले. लोक जमिनीवर बसत होते. पुढच्या शनिवारी आमच्या तळघरातल्या ४० घडीच्या खुर्च्या तिकडे गेल्या, आणि त्या उचलायला साहेबांनी ज्यांनी तो शब्द काढला होता त्यांनाच सांगितलं. त्यांत मी होतो.

खुर्च्या जड असतात हो. चौथ्या फेरीला राग धरून ठेवायला हात मोकळे राहत नाहीत. तिथल्या पोराने दार धरलं होतं, तो आमच्या शब्बाथशाळेत शिकलेला. "काका, इकडे ठेवा" म्हणाला. जसं काही त्याचंच घर. तसं ते होतंच.

आडवातिडवा
भारी. पण प्रत्येक वेळी असं नसतं. काही जण खरंच मेंढरं चोरतात, घरोघर जाऊन पाळकाविरुद्ध सांगतात. त्यांनाही खुर्च्या द्यायच्या का?

किनारा
नाही. त्यांच्याशी बोलायचं, समोरासमोर. पण आम्ही आधी बोललोच नव्हतो, नुसता शब्द काढला होता.

पोथीवाचक
गणना ११ मध्ये एल्दाद आणि मेदाद छावणीतच राहून संदेश सांगू लागतात, यहोशवा मोशेला म्हणतो यांना आवरा. मोशे उलट विचारतो, माझ्या वतीने तुला हेवा वाटतो का? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरं. गुरूपेक्षा चेल्यालाच गुरूच्या गादीची काळजी जास्त. मार्क ९:३८ मध्ये योहानही तेच करतो.

पण मला सगळ्यांत आवडते ती न दिसणारी एक ओळ. करिंथात तट पडले होते, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा. अपुल्लोस मागून आलेला, फर्डा वक्ता. पौल लिहितो, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं. हे सगळे उद्धृत करतात. त्याच पत्राच्या (१ करिंथ) शेवटी १६:१२ कुणी वाचत नाही: मी अपुल्लोसाला तुमच्याकडे यायची फार विनंती केली, पण त्याची आत्ता यायची इच्छा नव्हती. ज्याच्या नावाने आपल्याविरुद्ध तट पडलाय, त्यालाच पौल पुन्हा पुन्हा म्हणतोय, जा तिकडे. आणि तो म्हणतो, नको. का, ते लिहिलेलं नाही. मला वाटतं दोघंही एकमेकांना जागा करून देत होते.

सात_वर्षं_नवीन
आणि त्याच अपुल्लोसाला प्रिस्किल्ला-अक्विलाने आधी बाजूला नेऊन समजावलं होतं. भर सभागृहात चुका काढल्या नाहीत. ताई, तुम्ही त्या बाईंशी एकदा एकट्यात बोललात का?

मंद्रसप्तक
सगळं वाचलं, दोनदा. तिसरा_बाक, भाल्याचं वाक्य घरच्यांना दाखवलं, आता ते मला शौल म्हणतात.

सात_वर्षं_नवीन, तुमच्या प्रश्नामुळे बोलले. परवा सराव संपल्यावर थांबवलं त्यांना. वही उघडून समोर ठेवली आणि सांगितलं, या पट्ट्या मी मुद्दाम लावल्या. म्हटलं, आता या रडतील किंवा निघून जातील. त्या वहीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलं, ताईंचा आवाज आता वर जात नसेल, म्हणून मी गप्प बसले. उगाच विचारलं असं वाटलं त्या दिवशी."

म्हणजे तीन रविवार मी त्यांची अडवणूक करत होते, आणि त्या मला सांभाळून घेत होत्या. यजमान कोण आणि पाहुणा कोण, पोथीवाचक, तुमच्या त्या लॅटिन शब्दासारखंच झालं.

खडूस_खजिनदार
:) तुमच्याकडे काही बोलता येत नाही बुवा आता. वह्या कोण गोळा करतं?

मंद्रसप्तक
दोघी. त्यांना वह्यांचा क्रम माहीत नाही, सगळा घोळ घालतात. मी पुन्हा लावते.

निवांत
आणि पट्टी??

मंद्रसप्तक
काळी तीन. शेवटच्या कडव्यात माझा आवाज फाटतो. तिथे त्या एकट्या गातात.